आजोबा स्वतःच्याच गोष्टीत सापडले

मंडळी, आज आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या किचनमध्ये भारीच झालं.

सोलापूरहून आलेले सासरे मुलांना गोष्ट सांगत होते. आम्हा लिंगायतांचे थोर संतकवी लहानपणी मुंजीला बसलेच नाहीत. बहिणीची होत नाही, तर माझीही नको, म्हणून अडून बसले.

गोष्ट संपली आणि सासऱ्यांनी बॅगेतून दीक्षेच्या वेळी गळ्यात घालायचं इष्टलिंग काढलं. चांदीच्या डबीतलं, खास नातवासाठी आणलेलं.

माझी नऊ वर्षांची ईशा म्हणाली, "आजोबा, आणि माझं?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ढवळत राहिले. हसू आवरत नव्हतं.

"चुकलंच गं माझं," ते म्हणाले. डबी परत बॅगेत गेली आणि लगेच सोलापूरला मठातल्या स्वामींना फोन लागला.

"अजून एक लागेल. नात थोरली आहे, तिचं आधी."

तुमच्या घरी कोण सापडलंय असं?