चाळणीत उरलेलं

कारखान्याच्या फाटकावर निरोप आला, आक्का गेली. निरोप घेऊन आला होता तिचा धाकटा दीर वसंतराव. सायकल भिंतीला टेकवता टेकवता म्हणाला, "सुटली बिचारी!" असा संताप आला म्हणून सांगू! कशातून सुटली, ते काही त्यानं सांगितलं नाही. दीड महिना झाला, पण ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

आक्का माझी थोरली बहीण, चिंचवड गावठाणात दिलेली. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहिला, मी तिथं नोकरीला लागलो आणि रविवारचं जेवण तिच्याकडे ठरूनच गेलं. त्याच सुमाराला तिच्या सासूला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, सफरचंद शिजवून, गाळून द्या. तेव्हा सफरचंद म्हणजे आजाऱ्याला बघायला जाताना न्यायची वस्तू. धडधाकट माणसानं ते खावं, हे कुणाच्या मनातही येत नसे. आक्का सालीसकट फोडी करायची, घोटभर पाणी आणि एक लवंग घालून शेगडीवर झाकून ठेवायची. मऊ झाल्या की पुरणाच्या चाळणीत घालून वाटीच्या बुडानं घासायची. खाली मऊसूत गर उतरायचा, त्यात साखर. सासू त्यावर उठून बसली. मग काय, घरात कुणी नुसतं शिंकलं तरी, "वहिनी, गर करा!"

त्या घरचा कायदा असा, की आजाऱ्यासाठी केलेलं आधी कुणी चाखायचं नाही, आजार उलटतो. आणि नंतर उरायचं काय? सगळे वाट्या चाटूनपुसून मोकळे. आक्काच्या वाट्याला चाळणीत राहिलेला साली-बियांचा चोथा. एकदा मी ओरडलोच, "आक्का, हे काय खातेस?"

"मला हेच आवडतं रे नाना. गर कसला, गिळगिळीत! चोथ्याला कशी चव असते," ती हसत म्हणाली.

यंदा तिनंच अंथरूण धरलं. मी पुण्याला मंडईत जाऊन चांगली सफरचंदं आणली आणि वसंतरावाच्या बायकोला गर करायला सांगितलं. आक्का हळूच म्हणाली, "एकदा खाऊन बघते रे... एवढं काय असतं त्यात, कळू दे तरी." पुढच्या खेपेला विचारलं, तर वसंतराव म्हणतो कसा, "आवो, वहिनीला कुठं गिळवतंय आता? आमच्या सायबाची आई दवाखान्यात हाय, तिला नेऊन दिली. रिकाम्या हातानं जाता येतंय व्हय?" आत आक्का जागी होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी दुसरी आणायच्या आत ती गेली.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. वसंतराव हात जोडून म्हणाला, "वहिनी, पोरांची काळजी करू नका." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, तिचा जीव घरात अडकलाय. कुणी म्हणालं, गाईत. तिनं शेवटी काय मागितलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकाच्या तोंडून सफरचंदाचं नाव निघेल तर शपथ! मी सांगितलं, तर म्हणाले, "नाना, ही काय भांडायची वेळ हाय?" शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला गेली.

तिच्या वस्तूंतली ती चाळण तेवढी मी मागून आणली. गेल्या रविवारी सफरचंदं आणून तिच्या पद्धतीनं गर करायला बसलो. बायकोनं विचारलं, "कोण आजारी आहे?" मी गर वाटीत काढून आक्काच्या नावानं बाजूला ठेवला आणि चाळणीतला चोथा तोंडात घातला. साल टाळ्याला चिकटली, बियांची टरफलं दातात अडकली, बी चावली गेली तिचा कडूपणा जिभेवर राहिला. आवडतं म्हणे!

धडधडीत खोटं बोलत होती आक्का, इतकी वर्षं. आणि त्या घरानं ते आनंदानं खरं मानलं.