अक्कांचं नाक

"गिळायचं न्हाई, वळखायचं," असं म्हणत अक्का तोंडातली वाइन बादलीत थुंकायच्या आणि पदराने ओठ टिपायच्या. हुमनाबादजवळच्या एका लहानशा वायनरीत मी प्रयोगशाळा सांभाळत होतो. ते थुंकणं पाहून पाहुणे दचकायचे. तुम्हीही दचकला असता.

अक्का जवळच्याच निर्णा गावच्या. घर बसवेश्वरांना मानणारं, गळ्यात लिंग. दारूचा थेंब त्या घरात कधी आला नव्हता. आमच्याकडे त्या द्राक्षं निवडायला आल्या होत्या. एकदा वरून चांगला दिसणारा घड हुंगून त्यांनी बाजूला टाकला. मी तो फोडून पाहिला, तर आतले मणी बुरसलेले. त्या दिवसापासून मी त्यांना चाखण्याच्या खोलीत बोलवायला लागलो.

पुस्तकातली परदेशी फळांची नावं मी वाचून दाखवायचो. त्या शांतपणे ऐकायच्या आणि आपलं नाव ठेवायच्या. एका पांढऱ्या वाइनला कच्चा पेरू, शिराज नावाच्या तांबड्या वाइनला मिरी आणि जांभूळ, गोड वाइनला काकवी. तांबडी वाइन जीभ का ओढते हे मी सविस्तर समजावत होतो, तर म्हणाल्या, सुपारीनं होतं तसंच की. फसफसणाऱ्या वाइनने मात्र त्यांना पहिल्याच घोटाला शिंक आणली. नंतर बराच वेळ त्यांना हसू आवरेना.

हे सगळं अक्कांच्या सासऱ्यांच्या कानावर गेलं. द्राक्षं निवडणं वेगळं आणि ग्लास तोंडाला लावणं वेगळं, हंगाम संपला की काम सोडायचं, असं त्यांनी बजावलं. अक्कांनी वाद घातला नाही. फक्त थुंकल्यावर दोनदा चूळ भरायला लागल्या.

त्याच हंगामात मोठ्या टाकीतल्या शिराजला सडक्या अंड्यासारखा वास सुटला. बेंगळूरहून आलेल्या सल्लागारांनी चाखून सांगितलं, वाइन गेली, ओतून टाका. पार दुबलगुंडी गावापर्यंतच्या सगळ्या मळ्यांची द्राक्षं त्या एका टाकीत होती. मालक टाकीला टेकून खाली बसले.

अक्कांनी ग्लास मागून घेतला. हुंगला, थांबल्या, पुन्हा हुंगला.

"ही मेली न्हाई, अण्णा. कोंदलीय," त्या मला म्हणाल्या. "आमच्या माहेरी धान्याचं पेव उघडलं की असला वास यायचा. वारा लागला की जाईल."

"कशावरून म्हणता?"

"खाली जांभूळ हाय. दबलंय, पर हाय."

सल्लागार हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी बादलीभर वाइन काढून उंचावरून दुसऱ्या बादलीत ओतली. पाच-सहा वेळा ओतल्यावर स्वतः चाखली, आणि मग एक ग्लास भरून अक्कांसमोर धरला. आम्ही अख्खी टाकी तशीच हवा देत दुसऱ्या टाकीत घेतली. तिसऱ्या दिवशी वास गेला होता. जांभूळ मलाही लागलं.

पुढे तीच वाइन पुण्याच्या एका स्पर्धेत पहिली आली. तिथे बाटल्या झाकलेल्या होत्या, त्यामुळे कुणाचं नाव कुणाला दिसत नव्हतं. मालक आणि मी पेढे घेऊन निर्ण्याला गेलो. सासरे ओसरीवर बसले होते. तुमच्या सुनेमुळे कारखाना वाचला, असं मालकांनी सांगितलं. म्हातारबांनी पेढ्यांचा पुडा शेजारी ठेवला.

"थुंकते ना?" त्यांनी मला विचारलं.

"प्रत्येक घोट, अप्पा."

मग त्यांनी पेढा उचलला. काम सोडायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

अक्का आता नाशिककडच्या एका मोठ्या वायनरीत नवख्यांना चाखायला शिकवतात. त्या आणि त्यांचे यजमान निघाले, तेव्हा मी हुमनाबादच्या स्टँडवर गेलो होतो. सासरेही आले होते. गावातल्या कुणीतरी त्यांना विचारलं, सून कुठं निघाली?

"मास्तरीण झालीय ती," म्हातारबा म्हणाले. कसली, ते त्या माणसाने विचारायच्या आत गाडी हलली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत ते हात उंच धरून उभे होते.