शांतम्माचा शुक्रवार

राखेचा बुधवार आला, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस लावला, की शांतम्मा मिशरीची डबी फळीवर मागं ढकलते. ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तिला हात लावत नाही. पहिला आठवडा तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. हिरड्या शिवशिवतात, डोकं ठणकतं, नळावर ती बायकांच्या अंगावर वस्सकन जाते. आणि संध्याकाळी घरोघर फिरून जिला जिला बोलली तिची माफी मागून येते. उपवासकाळात मीही काहीतरी सोडतो. चहातली साखर. आणि येईल त्याला ते सांगतो.

शांतम्माचे वडील हातमागावर, नवरा पॉवरलूमवर, आणि ती स्वतः गेली बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारणीशी दखनी. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन गेली. आता एकसष्ट वय, एकटी खोली. उपवासकाळात दिवसातून एकदाच जेवते, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. साठीनंतर उपासाचं बंधन नाही, हे मी तिला एकदा समजावून सांगितलं. म्हणाली, "पोटाला कुटं वय कळतंय, सर?"

सर म्हणजे मी. निवृत्त शिक्षक. आमच्या भागात अकरा कॅथलिक घरं आहेत आणि त्यांची यादी माझ्याकडं असते. उपवासकाळात दर शुक्रवारी एका घरी क्रुसाची वाट होते. येशूच्या दुःखाचे चौदा टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला प्रार्थना. मी लाकडी क्रूस घेऊन जातो. तो आठवडाभर त्याच घरी राहतो. नंतर खायला फक्त उकडलेले हरभरे. कोणाच्या घरी जायचं ते मी ठरवतो, आणि शांतम्माचं नाव मी वर्षानुवर्षं गाळत आलो. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं कुठं बसणार?

यंदा ती स्वतः घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "नवरा होता तवा न्हाय आला क्रूस. पोरीचं लगीन झालं तवा न्हाय आला. यंदा येऊ द्या की, सर. लोकं भाईर बसतील, मी सतरंज्या घालते." मी चौथा शुक्रवार दिला. खिशातून काढून दिल्यासारखा दिला.

तिनं खोलीला चुना लावला. शेजारच्या जुलेखाकडून दोन सतरंज्या आणल्या. हरभरे आदल्या दिवशीच भिजत घातले.

त्या शुक्रवारी साडेपाचला मी क्रूस घेऊन तिच्या बोळात शिरलो. बरोबर सात-आठ माणसं होती. मटणाच्या रश्शाचा वास आला. दारात शांतम्मा उभी, डाव्या हातात वाटी, उजव्या हातातला चमचा ओठाला लावलेला. वाटीत लाल तर्री.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण? आणि ह्याच हातांनी क्रूस घेणार होतीस?"

"न्हाय सर, ते..." तिनं एकदा जुलेखाच्या दाराकडं पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं, सर."

मी क्रूस तसाच मागं फिरवला. सगळ्यांना घेऊन माझ्या घरी आलो आणि प्रार्थना तिथं केली. त्या दिवशी माझा आवाज चांगला लागला होता, हेही सांगितलं पाहिजे. बायको तेवढी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "दुपारी तळलेल्या चिलापीचे चार तुकडे कुणी खाल्ले? एकादशी आणि दुप्पट खाशी." मी तिला नियम सांगितला. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतात.

ईद झाल्यावर जुलेखा मला भाजी बाजारात भेटली. यंदा तिचे रोजे आणि आमचा उपवासकाळ एका दिवसाच्या अंतरानं सुरू झाले होते. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, त्या दिवशीची वाटी माझी होती. रोजा असला की मी सालन चाखत नाय. दरसाल शांतम्माच माझं मीठ बघते. त्या दिवशी मशिदीत पन्नास माणसांचं जायचं होतं. शुक्रवार हाय म्हणून ती नकोच म्हणत होती, मीच गळ घातली. मी अंदरून सगळं ऐकलं, पण भाईर यायची हिंमत झाली नाय. मेरेकू लई बुरा लगा, सर."

चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हे धर्मवर्गात मुलांना मीच शिकवतो. त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. पण मला ते विचारायचं नव्हतं, पकडायचं होतं. लाज वाटली, आणि ती खरी लाज होती.

तरी पापनिवेदनाला गेल्यावर मी फादरांना म्हणालो, "एका बाईवर रागावलो." त्यांनी तीनदा 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं. स्वस्तात सुटलो.

मग शांतम्माकडं गेलो. चुन्याचा वास अजून होता. ती वाळली होती. त्या दिवसापासून प्रायश्चित्त म्हणून शुक्रवारची भाकरीही तिनं बंद केली होती, आणि जुलेखाला सांगितलं होतं की आता मीठ बघणार नाही.

मी हात जोडले. "शांतम्मा, तुझं पाप नव्हतंच. चूक माझी. मला माफ कर."

"माफ काय करायचं, सर. पण तुमी चारचौघांत बोलला. लोकांना वाटतंय मी लपून मटण खाती. कारखान्यात पण बाया हसतात. तेवढं त्यांच्याफुडं सांगा की. क्रूस न्हाय आला तरी चालंल."

"येत्या शुक्रवारी सांगतो," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं माझ्यासाठी चहा टाकला.

तो गुड फ्रायडेआधीचा शेवटचा शुक्रवार, आमच्यातल्या शिवप्पाच्या घरी होता. शांतम्मा धुतलेलं लुगडं नेसून दाराशी बसली होती. एरवी ती मान खाली घालून प्रार्थना करते, त्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघत होती. प्रत्येक टप्प्याला मी ठरवत होतो, हा झाला की सांगू. चौदावा संपला. सगळे माझ्याकडं बघत होते, तीस वर्षं बघतात तसेच, आदरानं. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "हरभरे घ्या."

शांतम्मा सगळ्यांच्या नंतर उठली. तिनं हरभरे घेतले नाहीत.

गुड फ्रायडेला मी दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. उन्हात तीन तास गुडघ्यांवर होतो. चर्चबाहेर लोक म्हणाले, "सरांसारखं प्रायश्चित्त कुणाला जमायचं नाही." शांतम्मा तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं.