निरोगी माणसाचं कण्हणं

मी निरोगी आहे. हे मी म्हणत नाही, आरोग्य केंद्राच्या कागदावर तसं शिक्क्यासकट लिहिलंय. 'तयसीर, वय चव्वेचाळीस, निरोगी प्रौढ.' बायकोनं तो कागद दोनदा वाचला, एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "शिक्का मारणाऱ्यानं चष्मा लावला होता ना?"

अम्मानजवळच्या सल्त गावात मुलांच्या शाळेत मी व्यायाम शिकवतो. म्हणजे शिट्टी मी वाजवतो, व्यायाम मुलं करतात. आमचं गाव डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेलं. वीस वर्षांपूर्वी मी एक भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन एकशे बारा पायऱ्या न थांबता चढलो होतो. त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव 'घोडा' पडलं. त्यानंतर मी सिलिंडर उचललेला नाही, पण नाव काही खाली ठेवलेलं नाही.

तर फ्लूच्या नव्या लशीची चाचणी आमच्या गावात आली आणि त्यासाठी चाळीस धडधाकट माणसं हवी होती, तेव्हा इन्शिराहखाला सरळ माझ्या दारात आल्या.

इन्शिराहखाला म्हणजे आमच्या केंद्रातल्या नर्स. छत्तीस वर्षं टोचतायत. गावात दहा वर्षांवरचा असा एक दंड नसेल ज्यावर त्यांची सुई गेली नाही. माणसं त्यांना नावानं कमी आणि दंडानं जास्त आठवतात. मुख्याध्यापकांना भर बाजारात म्हणाल्या होत्या, "तू तो डाव्या हाताचा. टेबलाखाली लपलेला." खांद्याला लशीची निळी पेटी, पायात पांढरे जाड बूट, आणि तोंडात गावभरची खबरबात. त्यांचा हात हलका, असं सगळं गाव म्हणतं आणि ते ऐकताना त्या मान खाली घालून हसतात. सगळ्या आयुष्यात त्यांनी गर्व म्हणून केला असेल तर एवढाच.

चाचणी सल्तला आणण्यासाठी दोन वर्षं त्या अम्मानच्या कचेऱ्यांच्या खेपा घालत होत्या. "राजधानीतल्या दंडांवरच शास्त्र चालतं का? आमचे दंड काय कागदाचे आहेत?" असं त्यांनी तिथल्या साहेबाला विचारलं म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार. फायलीवर जबाबदार नर्स म्हणून त्यांचं नाव छापून आलं, तेव्हा त्यांनी ती फाईल शेजारणींना दाखवायला घरी नेली होती.

"पण निरोगीच माणसं कशाला, खाला?" मी विचारलं होतं.

"आजारी माणसाला ताप आला तर तो लशीचा की त्याच्या घरचा, हे कसं कळणार? तू बाह्या वर कर."

चाळिसांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. कोणाला काय, हे ना आम्हाला ठाऊक ना त्यांना. ते अम्मानमध्ये एका बंद पाकिटात. आम्हाला फक्त एक थर्मामीटर, दंडावरची लाली मोजायला छोटी पट्टी आणि सात दिवसांची वही. रोज संध्याकाळी ताप लिहायचा, आणि दुखणं शून्य ते तीन आकड्यांत.

दुसऱ्या संध्याकाळी माझा ताप अडतीस पॉइंट चार. दंड असा धरला की स्वेटर बायकोला काढावा लागला. मी तीन उशा मागितल्या, मेरमिय्याचा औषधी पाला घातलेला चहा मागितला, खिडकी लावून घेतली, मग उघडून घेतली. मोठी बहीण अफाफ कुवेतला असते. तिला फोनवरून चार निरोप बोलून पाठवले. पहिल्यात मुलगा मुहन्नद याच्या नावे माझी शिट्टी केली. उरलेल्या तिनांत शब्द असे फारसे नव्हतेच.

मग वही घेतली आणि लिहिलं: ताप नाही. दुखणं शून्य.

बायको डोकावली. "शून्य? मग मघापासून माझा जीव खाणारा तो कोण होता?"

"अगं, निम्म्यांना मिठाचं पाणी दिलंय. उद्या पाकीट उघडलं आणि मी त्यातला निघालो तर? घोडा मिठाच्या पाण्यानं आडवा झाला, हे गल्लीत किती वर्षं चालेल?"

हे एक कारण. दुसरं असं की खाला रोज फोन करून विचारायच्या, "कसा आहेस, तयसीर?" आता याला उत्तर एकच असतं. आमच्याकडे माणूस रुग्णवाहिकेत चढवला जात असतानाही शेजाऱ्यांना 'अल्हम्दुलिल्लाह', देवाची कृपा, असंच सांगतो. आणि ज्या बाईनं टोचलं तिलाच 'दुखतंय' म्हणायचं, म्हणजे तिच्या हाताला नावं ठेवायची. मी म्हणायचो, "अल्हम्दुलिल्लाह, खाला. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही."

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी खाला घरी आल्या. बायकोनं वेलदोड्याची कॉफी आणली. खालांनी कप घेतला आणि ओठांना न लावता समोर खाली ठेवला.

आमच्याकडे पाहुण्यानं कप असा ठेवला की तो काही मागायला आलेला असतो, आणि ते मिळेपर्यंत कॉफी पीत नाही. लोक मुलगी मागायला आले की असं करतात, नाहीतर खुनाची माफी मागायला. माझ्याकडे मुलगी नाही.

"खाला, आधी प्या तरी."

"नाही. आधी ऐक. अम्मानहून डॉक्टर लमीस आल्या होत्या वह्या तपासायला. चाळीस वह्या, सात दिवस, सगळीकडे शून्य."

"मग चांगलंच की! तुमचा हात..."

"माझ्या हाताचं कौतुक पुरे. ती पोरगी म्हणाली, नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी दोघा-तिघांचा दंड दुखतोच. इथे एकाचाही नाही? वरचे लोक विचारणार, टोचलं तरी का? की बाईनं घरी बसून सगळ्या वह्या स्वतःच भरल्या?" त्यांचा आवाज जरासा घसरला. "गुरुवारी तुम्हा सगळ्यांचं रक्त घ्यायला ती येणार. तोवर खुलासा झाला नाही तर आपलं केंद्र बंद आणि माझी चौकशी. छत्तीस वर्षांनी, तयसीर. खोट्या वह्यांसाठी."

मी कपाकडे पाहत राहिलो. वाफ संपत आली होती.

"तुझ्या बायकोनं वाण्याकडे सांगितलंय तू काय-काय केलंस ते," खाला म्हणाल्या. "पण दुकानातली बातमी मी फायलीला कशी लावू?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं शांतपणे म्हटलं, "अफाफताईचे निरोप असतील अजून फोनमध्ये. तारीख-वेळेसकट."

"ते नाही!" मी ओरडलो.

खाला उठल्या. कप तसाच ठेवून निघून गेल्या. ती कॉफी ओतून द्यायची हिंमत घरात कोणालाच झाली नाही.

गुरुवारी केंद्रात चाळीसच्या चाळीस जण बाकांवर होते. मी उठलो, डॉक्टर लमीस यांच्या टेबलावर फोन ठेवला आणि म्हणालो, "दुसऱ्या दिवसाची वही खोटी आहे. खरी ही." आणि बटण दाबलं.

'अफाफ... मी काही यातून उठत नाही... शिट्टी मुहन्नदला द्या...' आणि पुढे कण्हणं. आवाज मी कमी ठेवायला हवा होता. तिसऱ्या निरोपात तर मी आईला हाक मारली होती.

गावात इतकं हसू पूर्वी कधी झालं असेल तर मला आठवत नाही. आमचा खाटीक अबू रजाई डोळे पुसत उठला. "घोड्यानं सांगितलं, मग मी कशाला लपवू? दोन दिवस मला सुरा उचलता येत नव्हता. दुकान बंद ठेवून पाहुणे आलेत म्हणून सांगितलं होतं." मग मागच्या बाकावरची शिंपीण, मग मुख्याध्यापक. त्यांचा दंड पुन्हा डावाच.

डॉक्टर लमीस हसल्या नाहीत, निदान तोंडासमोर फाईल धरून हसल्या. म्हणाल्या, "शून्य खोडायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, आजची तारीख, सही, आणि उशिरा सांगितलं असंही लिहायचं. कण्हणं मला मोजता येत नाही, पण तारीख येते." मग खालांकडे वळल्या. "केंद्र चालू राहील. पण उरलेल्या फोनांत यांना 'कसे आहात' विचारू नका."

"नाही विचारणार," खाला म्हणाल्या. "आज काय उचलता आलं नाही, ते विचारीन."

पाकीट वसंतात उघडेल. मी मिठाच्या पाण्याचा निघू नये म्हणून बायको सोडून घरातले सगळे प्रार्थना करतायत.

त्या संध्याकाळी खाला पुन्हा आल्या. बायकोनं ताजी कॉफी केली. खालांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि सहज विचारलं, "रक्त घेतलं तिथे कसं आहे?"

"अल्हम्दु..." मी सुरू केलं.

त्यांचा कप हळूहळू खाली यायला लागला.

"दुखतंय, खाला," मी घाईघाईनं म्हणालो. "चांगलंच दुखतंय. पिऊन टाका."