अम्मीच्या जागी आई

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील – ही, आणि न सांगितलेली गोष्ट? त्यांचं बरोबर आहे. पोह्यात मीठ जास्त पडलं हे मी एकाच सकाळी चार ठिकाणी जाहीर केलेलं आहे, फोटोसकट. पायाला कुत्रं चावलं तेव्हा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी त्यावर लिहूनही मोकळी झाले होते. तरी ही एक गोष्ट कुठंच नाही. नवऱ्याला सांगितली नाही. आईला त्यातली थोडी माहीत आहे, पण तीही मी सांगितली म्हणून नाही.

लगेच मुद्द्यावर येत नाही, चालेल ना? मला आधी त्या दिवसांत थोडं बसू द्या.

कॉलेज रोडला एका जिन्याखाली सायबर कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली, आणि तास संपला की मालक गल्ल्यावरूनच हाक द्यायचा – "पाच नंबर, टाइम झाला." पाच नंबरला एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसलेल्या आम्ही दोघी – मी आणि मेहरून. दोघी येवल्याच्या, नाशिकला एकाच होस्टेलवर, एकाच खोलीत. शनिवारी एकाच एसटीनं घरी. माझे वडील हायस्कुलात शिक्षक, आमचं घर स्टँडजवळ. तिचं घर विणकरांच्या गल्लीत, जिथं दिवसभर मागांचा खटखटाट चाले. बोलण्याचं काम माझं, हसण्याचं तिचं. अशी आमची वाटणी होती आणि ती दोघींनाही मान्य होती.

तेव्हा ते पहिलंवहिलं संकेतस्थळ नुकतं आलं होतं, एकमेकांच्या पानावर जाऊन चिठ्ठ्या लिहायचं. मी लगेच खातं उघडलं. नवं काही निघालं की मी पहिल्या पंगतीला, ही सवय तेव्हापासूनची. पण आत गेले तर कुणीच ओळखीचं नाही. मग मेहरूनचंही खातं मीच उघडलं, पासवर्डही मीच ठरवला. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलं, कारण तिच्या घरी चाललं नसतं. माझ्या यादीत एक मैत्रीण, तिच्या यादीत एक. एवढ्यावर आम्ही किती खूश होतो म्हणून सांगू!

शेवटची परीक्षा झाली आणि ती येवल्याला परत गेली. लग्न ठरलं होतं. भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं एक कॉम्प्युटर. दुपारी भाऊ जेवायला गेला की ती दुकान सांभाळायची आणि माझ्या पानावर लिहायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा सगळेच लिहायचे तसं. चार महिने तिनं मला तिच्या अम्मीबद्दल लिहिलं. सासरी जायच्या आधी तिला ते कुठंतरी ठेवायचं होतं असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, वा, हिला एवढं बोलता येतं?

तिची अम्मी पैठणीच्या मागासाठी कांड्या भरायची. म्हणजे चरख्यावर बसून रेशमाचा धागा छोट्या नळीवर गुंडाळायचा. ती कांडी मग विणकर धोट्यात घालतो, आणि धोटा आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो. या कामाला हात मऊ लागतो. खरखरीत बोटाला रेशीम अडकतं आणि तुटतं. म्हणून अम्मी भांडी घासायची नाही, फरशी पुसायची नाही. सात वर्षांची असल्यापासून ते सगळं मेहरून करायची. 'अम्मीचे हात मऊ राहावेत म्हणून माझे खरखरीत झाले, आणि ती रोज झोपताना तेच माझे हात आपल्या मऊ हातांत धरायची' – असं तिनं लिहिलं होतं. आणि ईदला माग बंद असायचे, तेव्हा अम्मी तिला उठवून बाजूला बसवायची, स्वतः मोरीत बसून शेवयांचं पातेलं घासायची आणि म्हणायची, "आज रेशमाला सुट्टी."

लग्नानंतर मेहरून दिसेनाशी झाली. काही वर्षांनी ते संकेतस्थळही बंद पडलं. बंद होण्याआधी त्यांनी कळवलं, ज्याचं त्यानं उतरवून घ्यावं. मी सगळं उतरवून घेतलं. मी चिंधीसुद्धा न टाकणारी बाई.

मग निळं आलं, मग फोटोंचं आलं, मग दोन ओळींत बोलायचं आलं. दर वेळी मी पुढे. पण नव्या ठिकाणी गेल्यावर कसं होतं, तुम्ही अनुभवलंच असेल. पाटी कोरी. मागे उभं राहणारं कुणी नाही. आणि वरती लिहिलेलं असतं – तुमच्या मनात काय आहे? माझ्या मनात पोहे होते. पोह्यांना तीन अंगठे मिळायचे, त्यातला एक नवऱ्याचा.

एका वर्षी त्या निळ्यावर सगळे आपापल्या आईवर लिहीत होते. मीही लिहायला बसले. माझी आई चांगली आहे, प्रेमळ आहे, नाशिकला माझ्याजवळच राहते. पण तिच्यावर लिहायला घेतलं की चार वाक्यांत संपायचं. आणि – बरं, आता लिहूनच टाकते – मी ती जुनी फाइल उघडली. मेहरूनची अक्षरं देवनागरीत केली. अम्मीच्या जागी आई घातलं. ईदच्या जागी पाडवा, शेवयांच्या जागी बासुंदी. बाकी एक शब्द हलवला नाही. हलवायची गरजच नव्हती. खाली माझं नाव टाकलं.

त्या संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसं मला ताई म्हणायला लागली होती. रडलो, म्हणत होती. तुमच्या माउलीला नमस्कार सांगा, म्हणत होती. मी प्रत्येकाला हात जोडले.

एकदा केलं असतं तर चूक म्हणता आली असती. पण नवं काही निघालं की पाटी पुन्हा कोरी, आणि मी पुन्हा तीच फाइल उघडायची. चार वेळा केलं. चौथ्या वेळी ते नुसतं बोलायचं निघालं होतं, खोलीत माणसं जमतात आणि ऐकतात ते. तिथं मी ते वाचून दाखवलं. 'माझे खरखरीत झाले' या शब्दांवर माझा आवाज खरोखर भरून आला. कोणत्या हातांसाठी? आमच्याकडे आयुष्यभर भांड्याला बाई होती.

आईला शेजारणीनं ते फोनवर दाखवलं. दुपारी आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मी कधी भरल्या गं कांड्या? आणि तू भांडी कधी घासलीस?" मी म्हणाले, आई, लिहिताना थोडं इकडचं तिकडचं घ्यावं लागतं. तिनं पुढची जुडी निवडायला घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, किती सोसलंत हो तुम्ही. आईनं हात काढून घेतले नाहीत. घरी येताना रिक्षात ती आपले हात पदराखाली झाकून बसली. त्या दिवशी मला खूप लाज वाटली. तरी मी ते पुसलं नाही.

पण सांगायचं होतं ते हे नाही. हे मी कदाचित कधीतरी हसत हसत सांगितलंही असतं.

गेल्या वर्षी फोनवर मेहरूनचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. किती वर्षांनी तिचा आवाज ऐकला. तोच, थोडा जाड झालेला. "अम्मी गेली गं. चाळिसावा झाला परवा." मग म्हणाली, "तुझ्या पानावर मी अम्मीचं लिहिलं होतं बघ, दुकानात बसून. माझ्याकडं कायच नाय राहिलं. पोरगी म्हणती, वाचायचंय. तुझ्याकडं असंल ना? तू तर कायच टाकून देत नाय."

फाइल दोन बोटांवर होती. तिनं तिच्या अक्षरांत लिहिलेली, अम्मीसकट.

मला काय वाटलं, सांगू? आधी भीती वाटली. तिची मुलगी त्यातली एखादी ओळ शोधायला टाकेल आणि तीन ठिकाणी माझं नाव निघेल. मग सुचलं, आपलं सगळं आधी पुसून टाकावं आणि मग तिला द्यावं. पाच मिनिटांचं काम होतं. मी पहिलं पान उघडलं. खाली शेकडो माणसांनी मला लिहिलेलं होतं, ते वाचत बसले. पुसवेना. भीतीपेक्षा हे वाईट, मला कळतं. मी मेहरूनला लिहिलं – नाही गं, ते बंद पडलं तेव्हा सगळंच उडालं, मलाही फार वाईट वाटतं. पुढे रडका चेहरा लावला.

तिचं उत्तर लगेच आलं. "जाऊ दे. तुझा काय दोष त्यात."

पंधरा दिवसांनी तिनं स्वतः पुन्हा लिहून पाठवलं. आता तिला फोनवर मराठी लिहिता येतं. सहा ओळी होत्या. अम्मी कांड्या भरायची, अम्मीचे हात मऊ होते, मी भांडी घासायची. साधं, शाळेतल्या निबंधासारखं. वीस वर्षांपूर्वीची ती मुलगी त्यात नव्हती. खाली तिनं विचारलं होतं – ईदला भांडी घासताना अम्मी काहीतरी म्हणायची, तेवढंच आठवत नाय. तुला आठवतं का?

ते वाक्य मी हजारो माणसांना ऐकवलेलं आहे. मी लिहिलं, नाही गं.

तेव्हापासून ती अधूनमधून एखादं वाक्य पाठवते – हे होतं का बघ. पोरीला सांगायचंय म्हणते. मी दर वेळी थोडा वेळ जाऊ देते, आठवून बघितल्यासारखा, आणि नाही म्हणून कळवते. परवा तिनं पाठवलेलं जवळजवळ तेच होतं, एका शब्दाचा फरक.

मी लिहिलं, हे नसावं.