श्वास परत येईपर्यंत

नवऱ्याने मुलीचे पाय धरले होते. सासूने शेगडीतून विळा काढला तेव्हा त्याचं टोक लाल झालेलं होतं. मुलगी तीन वर्षांची. रडता रडता तिने श्वास कोंडला होता. ओठ जांभळे पडले होते, डोळे वर गेले होते, अंग लाकडासारखं ताठ होतं. सासूने तिचा फ्रॉक वर केला आणि बेंबीच्या बाजूला जागा बघितली.

"धर तिले नीट," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली.

मी मध्ये हात घातला. विचार करून घातला असं नाही. मुलीच्या पोटावर तळहात पसरला आणि विळ्याचं टोक माझ्या हातावर बसलं. मी ओरडले. त्या ओरडण्याने की आपोआप, कोण जाणे, मुलीने एकदम श्वास आत ओढला आणि टाहो फोडला.

"तुना हात मजार कसाले टाका?" सासू माझ्यावरच ओरडली. "मरी जाती ना पोर!"

दारात शेजारची गुजराती बाई उभी होती. ती मला समजावत म्हणाली, "डाम दई दो ने, बेन. मारा छोकराने पण दीधो छे."

याला डाम म्हणतात. आमच्या खानदेशात देत, सुरतेतही देत. पोर फार हट्टी झालं, आदळआपट करू लागलं, रडता रडता निळं पडलं, की लोखंड तापवून पोटावर चटका. शिक्षाही तीच आणि औषधही तेच. माझ्या नवऱ्याच्या पोटावर असे दोन वण होते.

ही गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. आम्ही सुरतेत, उधन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहायचो. नवरा पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. घरी यायचा तेव्हा कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी गुलाबी. रांगेत बहुतेक घरं आमच्यासारखी, खानदेशातून आलेली, बौद्ध धर्म घेतलेली. रविवारी सकाळी सगळे पांढरे कपडे घालून एका खोलीत वंदनेला बसायचो. सासूही बसायची. पाठ तिला माझ्यापेक्षा चांगले होते.

त्या दिवशी भाजलेल्या हातावर थंडाव्याला शाई लावून मी तिला विचारलं, "बाई, दर रविवारी पहिलं शील काय म्हणतो आपण? जिवाला इजा करणार नाही म्हणतो ना?"

"मंग? हाई काय इजा शे? हाई दवाई शे."

"तापलेला विळा म्हणजे दवाई?"

"तू शाळा शिकेल शे म्हणीसन माले शिकाडू नको."

मी चौथी शिकलेली. ती ते नेहमी ऐकवायची. मग तिने जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या वरचा एक मुलगा होता. तोही असाच रडता रडता निळा पडायचा. सासू तेव्हा तरुण होती, तिचं मन झालं नाही, तिने डाम देऊ दिला नाही. पोर गेलं. नंतर माझा नवरा झाला, त्याला दोनदा डाम दिला, तो जगला. तिच्या दृष्टीने यात बोलायला काही उरलंच नव्हतं.

नवरा म्हणाला, "आई सांगते ते खोटं कसं? मी जगलो ना?"

"तुम्ही डामामुळेच जगलात, हे कशावरून?"

त्याने सदरा घातला आणि पाळीवर निघून गेला.

सरकारी दवाखान्यात मी मुलीला आधीच दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला, हट्टी पोरांना होतं असं, श्वास आपोआप येतो, मारू नका, घाबरू नका. बोलायला काय जातं. पोर समोर निळं पडतं तेव्हा न घाबरणारी आई मी तरी पाहिलेली नाही. त्यात आता ते मेलेलं पोर माझ्याही डोक्यात बसलं. मी डाम अडवला आणि मुलगी गेली, तर मला त्या घरात कोण उभं करणार होतं? आणि मी स्वतःला काय सांगणार होते?

मी सासूला म्हटलं, "बुद्धपौर्णिमेपर्यंत पोरीला माझ्यावर सोडा. तोवर कोणी लोखंड तापवायचं नाही. मारायचंही नाही. फरक पडला नाही तर मग तुमचं."

होळी नुकतीच झाली होती. तिने मान हलवली. तिला खात्री होती की मी हरणार.

मी काय करणार होते ते मला तरी कुठे माहीत होतं. एकच गोष्ट लक्षात आली होती. वंदनेला मुलगी माझ्या मांडीवर बसायची तेव्हा कधी आदळआपट करत नसे. रांगेतली एक म्हातारी वंदना सांगायची. ती प्रत्येक ओळीनंतर थांबून मोठा श्वास घ्यायची, तिला दमा होता. सगळे तिच्यासाठी थांबायचे, तिच्याबरोबर श्वास घ्यायचे. मांडीवरची मुलगीही घ्यायची. तिचं पोट माझ्या हाताखाली वरखाली व्हायचं.

मग मी तेच घरी धरलं. मुलगी जमिनीवर पडून पाय आपटायला लागली की मी कामधाम सोडून शेजारी बसायचे. उचलायचं नाही, ओरडायचं नाही, हवं ते हातात द्यायचं नाही. पोटावर हात ठेवायचा आणि वंदना म्हणायची, हळू, प्रत्येक ओळीनंतर मोठा श्वास घेत.

पहिले पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. उलट ती जास्त किंचाळायची. एकदा तिची टाच माझ्या तोंडावर बसली आणि ओठ फुटला. ती निळी पडायची आणि मी ओळी म्हणत बसायचे. मी मऊ स्वभावाची नव्हते, नाही. हात शिवशिवायचा. रिकामा हात मांडीखाली दाबून बसायचे. तोंडात शांतीचे शब्द आणि पोटात आग. धर्म म्हणजे मन निवतं वगैरे लोक सांगतात. माझं निवलं नाही. मी फक्त मारलं नाही, एवढंच.

सासू बाजूला बसून तांदूळ निवडायची आणि म्हणायची, "पोरले आत्तेच निर्वाण देस का?"

पाण्याच्या नळावर बायका हसायच्या. "पोरगी मरायला टेकली आणि हिची पूजा चाललीय."

मग एकदा, नवरा पाळीवर निघाला म्हणून ती पडली, किंचाळली, तोंड उघडं राहिलं, श्वास थांबला. मी ओळ संपवून श्वास घेतला आणि तिनेही घेतला. निळी पडायच्या आधी. मला वाटलं चुकून झालं असेल. दोन दिवसांनी परत तसंच झालं. त्यानंतर दोनदा झालं नाही, ती पुरती निळी पडली. मग परत झालं. असं चालू राहिलं. बरी झाली म्हणावं असं काही नव्हतं.

गोष्ट रांगेत पसरली. शेजारची गुजराती बाई आपल्या पोराला घेऊन आली, हातात नारळ. "बेन, आने पण फूंक मारी दो."

"मी फुंकर मारत नाही. हा मंतर नाही."

"तो शुं छे?"

काय आहे ते मला सांगता येईना. मी नारळ परत दिला. ती रागावून गेली. रविवारी वंदना सांगणाऱ्या म्हातारीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय गं, आपण भगत-मांत्रिक सोडले आणि आता तूच भगतीण झालीस?" सगळे हसले. सासू हसली नाही.

पौर्णिमा जवळ आली. दुपारी नळाला पाणी यायचं ती वेळ. मी हंडा घेऊन गेले, रांग मोठी होती. मुलगी सासूपाशी होती. परत आले तर दारातूनच जळक्या लोखंडाचा वास आला. हंडा तिथेच टाकला.

मुलगी जमिनीवर ताठ पडली होती, ओठ जांभळे. शेगडीत उलथणं खुपसलेलं होतं. सासू मुलीशेजारी बसली होती, एक हात मुलीच्या पोटावर, नजर शेगडीकडे. तोंडाने वंदना चालली होती, पण घाईघाईने, मध्ये श्वासच नाही. जसं कोणी मागे लागलंय.

मी म्हटलं, "बाई, थांबा ना जरा ओळीला."

ती थांबली. तिने श्वास घेतला. तिचाच श्वास अडकत अडकत आत गेला, इतकी ती घाबरली होती. दुसरी ओळ. परत श्वास. तिसऱ्या ओळीला मुलीची छाती हलली, आणि ती रडली. साधं, ओलं, रोजचं रडणं.

उलथणं नुकतंच लाल व्हायला लागलं होतं. मी ते काढून पाण्यात टाकलं.

सासूने मुलीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माले त्याना टायमाले कोणी सांगं नही." त्याच्या वेळेला मला कोणी सांगितलं नाही. कोणाच्या वेळेला ते मला कळलं. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

लोखंड आधी लाल झालं असतं आणि श्वास मागून आला असता, तर तिने काय केलं असतं, हे मी तिला कधीच विचारलं नाही. पौर्णिमेला आम्ही दोघी वंदनेला बसलो. डामाचं नाव घरात परत निघालं नाही, पण शेगडीजवळ लोखंड दिसलं की माझं लक्ष आधी तिकडे जायचं, पुढे कितीतरी वर्षं.

मुलगी शाळेत जायला लागली तोवर तिचं निळं पडणं थांबलं. वंदनेने थांबलं की वयाने, ते मी सांगू शकत नाही. ती जगली. सासूचा थोरला जगला नव्हता.