काचेखालचे डाग

सुभेदार परब यांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. माझ्या घरात कोणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. मी नोकरीत राहून बी.ए. झालो, कारण परीक्षेच्या दिवसांत माझी ड्यूटी परबसाहेबांनी स्वतः केली. नर्सिंग असिस्टंटचं कामही त्यांनीच शिकवलं.

आमचं युनिट बोरिवलीजवळ होतं. मे महिन्यात एम. आय. रूमबाहेर, म्हणजे आमच्या दवाखान्याबाहेर, घामोळ्यांची रांग लागायची. घाम त्वचेत अडकतो. मानेवर, पाठीवर, पट्ट्याखाली बारीक पुरळ उठतं, टोचतं, खाजतं. ताप नसतो. गार हवेत ते बसतं. गजकर्ण बुरशीने होतं. ते गोल असतं, कडा लाल. पित्ताच्या गांधी उठतात आणि काही तासांत जिरतात.

परबसाहेब चहाचा काचेचा ग्लास पुरळावर दाबून दाखवायचे. "डाग फिका पडला तर पावडर. तसाच राहिला आणि अंगात ताप असला तर हॉस्पिटल. लगेच. समजलास, मेल्या?"

जनरलसाहेबांच्या इन्स्पेक्शनच्या सकाळी शिपाई मेल्विन आला. गोराईचा, खाडीपलीकडे घर. अंग तापलेलं, हातपाय गार, मान वाकत नव्हती. पोटऱ्यांवर जांभळट ठिपके. मी ग्लास दाबला. ठिपके तसेच राहिले.

डॉक्टर जनरलसाहेबांना घ्यायला गेले होते. मी मेल्विनला घेऊन परबसाहेबांकडे गेलो.

"साहेब, गाडी द्या. डाग जात नाहीत."

"घामोळं आहे."

"काचेखाली बघा एकदा."

"धुतलेली गाडी लाइनीत उभी आहे. ती हलली तर माझी वाट लागेल." मग ते मेल्विनकडे वळले. "काय रे, आईच्या हातची पावडर पाहिजे? चल, परेडच्या रांगेत. फॉल इन."

"येस सर."

परबसाहेबांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, विसळला, त्यात चहा ओतला आणि ते प्यायले.

परेडला मागच्या रांगेतून आवाज आला, "घामोळ्या, खाजव ना." सलामी देताना मेल्विन पडला. तेव्हा गाडी निघाली. दुपारी वायरलेसवर ड्रायव्हर बोलला, "पेशंट एक्स्पायर्ड. ओव्हर." मेंदूज्वराचे जंतू रक्तात पसरले होते.

निवृत्तीनंतर मी परबसाहेबांना पत्र पाठवलं:

"साहेब, तुमच्यामुळे शिकलो, हे विसरणार नाही. काल गोराईला गेलो होतो. त्या सकाळी मेल्विनने फॉल इनआधी घरी फोन केला होता: 'काय नाही गं आई, घामोळं आहे. साहेबांनी बघितलं.' ती अजून विचारते, 'घामोळ्याने कोण मरतं रे बाबा?' तुम्ही येऊन सांगाल, असं मी तिला सांगितलं आहे. गेलात की चहा घ्या. ती काचेच्या ग्लासात देते."